ऑइल सील बसवायचा ॲल्युमिनियम सेट : चाकाच्या नकलला पैसे वसूल, क्रँकला मात्र कुपवाडचा लेथवालाच

ऑनलाइन सील ड्रायव्हर सेट शोधला की जो एक सेट सगळीकडे दिसतो ना, ॲल्युमिनियमच्या गोल चकत्या, एक हँडल आणि प्लास्टिकची पेटी, तोच मी घेतला. विकणारे वेगवेगळे, नावं वेगवेगळी, पण फोटो बघितले तर माल एकच वाटतो. ४० मिमीच्या आसपासपासून ८१ मिमीपर्यंतच्या चकत्या आहेत, दोन हजाराच्या आत मिळाला. पाचपैकी तीन स्टार देतोय आणि ते तीन का, दोन का नाही आणि पाच का नाही ते जरा सविस्तर लिहितो, कारण जाहिरातीत "इंजिन सील बसवा, काहीही डॅमेज न होता" असं लिहिलंय आणि नेमकी तिथंच गोची आहे.

गाडी आमची मारुती ८००. हो, अजून आहे, विकणार नाही. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कंपनीने २०१४ ला बनवायची बंद केली तरी सांगलीत हिचे पार्ट अजून किराणा मालासारखे मिळतात. टायमिंग कव्हरच्या खालून तेल ठिबकत होतं. आधी एका गॅरेजमध्ये पुढचं क्रँक सील, म्हणजे इंजिनचा जो मुख्य फिरता दांडा (क्रँक) असतो त्याच्या पुढच्या टोकाचं ऑइल सील, बदलून घेतलेलं, बिलावर तसं लिहिलेलंपण आहे, आणि तरी काही महिन्यात परत तेच. मग म्हटलं आपणच उघडून बघू. उघडल्यावर सील एका बाजूने चेपलेलं, पत्र्यावर हातोडीचा स्पष्ट ठसा आणि आतली ती बारीक गोल स्प्रिंग जागा सोडून बाहेर आलेली. म्हणजे सील नवीन होतं, पण बसवतानाच मेलं होतं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, सगळीकडे असंच चालतं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक सीलच्या कडेला लावायचं आणि गोल फिरत फिरत ठोकायचं, झालं.

तर असं ठोकून काय होतं ते आधी समजून घ्या, नाहीतर हा सेट कशाला पाहिजे तेच कळणार नाही. ऑइल सील म्हणजे बाहेर पत्र्याची किंवा रबर चढवलेली रिंग, आत रबराची पातळ लिप, आणि ती लिप शाफ्टवर, म्हणजे मधल्या फिरत्या दांड्यावर, दाबून धरायला मागे स्प्रिंग. तेल अडवायचं काम ती लिपची धार करते, शाफ्टला टेकते तेवढी जेमतेम एक रेघ असते बघा. बाहेरची रिंग घराच्या, म्हणजे सील ज्या धातूच्या भागात बसतं त्याच्या, भोकात घट्ट दाबून बसते. एका बाजूला ठोकलं की सील तिरकं होतं, तिरकं झालं की लिप एका बाजूला जास्त दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूला सैल राहते, आणि ठोक्याच्या हादऱ्याने स्प्रिंग निसटू शकते. वरून बघायला सगळं ओके दिसतं. गाडी चालू केली तरी लगेच काही होत नाही. तेल हळूहळू येतं, आणि तेच तेल टायमिंग बेल्टवर गेलं की बेल्टच्या रबराची वाट लागते, म्हणजे छोट्याशा सीलपायी मोठा खर्च. म्हणून सगळ्या गोलावर एकसारखा दाब देणारं काहीतरी पाहिजे आणि त्यासाठीच हे सेट असतात.

आता सेटचा माल. चकत्यांचं मशीनिंग बरं आहे, कडा सरळ आहेत, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं हत्यार) लावून बघितला तर छापलेल्या मापापेक्षा किंचित इकडे तिकडे पण काम अडत नाही. प्रत्येक चकतीची एक बाजू सपाट आहे आणि दुसरी उतरती. सपाट बाजू सीलसाठी, उतरती बाजू बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगसाठी, जाहिरातीत हे कुठेच सांगितलेलं नाही आणि सोबतचा कागद म्हणजे नुसते फोटो. हँडल मात्र हलकं आहे, चकती लावायचा बोल्ट ठोकता ठोकता सैल होतो, दर वेळी परत आवळावा लागतो. पेटीची कडी पहिल्याच आठवड्यात तुटली. मी पेटीला सायकलची ट्यूब कापून लावलीय, ती कडीपेक्षा भारी चालते.

चकती कुठली घ्यायची याचा साधा हिशोब आहे. सीलवर तीन आकडे छापलेले असतात, समजा ३५-५०-८ असं आहे तर आतला व्यास ३५, बाहेरचा ५० आणि जाडी ८ मिमी. सील भोकात आत उतरवायचं असेल तर चकती बाहेरच्या व्यासापेक्षा अर्धा ते एक मिमी लहान पाहिजे, म्हणजे ती बाहेरच्या कडक कडेवरच टेकते आणि भोकात अडकत पण नाही. जास्त लहान घेतली तर दाब मधल्या पातळ भागावर येतो आणि सील वाटीसारखं आत दबतं. सीलचं तोंड घराच्या बरोबरीनेच ठेवायचं असेल तर उलट थोडी मोठी चकती घ्यायची, ती घरावर टेकली की आपोआप थांबते. सेटमध्ये चकत्यांच्या मापांत काही ठिकाणी मोठी उडी आहे, ५० नंतर सरळ ५९ येते, मधल्या मापाचं सील आलं की चकती एकतर लै लहान नाहीतर लै मोठी. हा पहिला स्टार गेला.

दुसरा स्टार गेला तो खरा क्रँकवर. नीट वाचा, कारण फोटो बघून हे लक्षात येत नाही. ८०० ला काय आणि बहुतेक गाड्यांना काय, पुढचं क्रँक सील काढलं तरी क्रँकचं टोक तिथंच असतं, सीलच्या मधून चांगलं बाहेर आलेलं. त्याच्यावरच तर टायमिंगचा पिनियन आणि पुली बसते. आणि सेटमधली चकती आहे भरीव, मध्ये फक्त हँडलच्या बोल्टपुरतं भोक. मग चकती सीलपर्यंत पोचणार कशी? क्रँकच्या टोकाला टेकून तिथंच थांबते. इथं पाहिजे पोकळ नळी, जी क्रँकवरून आरपार जाऊन सीलच्या कडेला टेकेल. म्हणजे "इंजिन सील" म्हणून विकलेला सेट इंजिनच्या पुढच्या क्रँक सीललाच चालत नाही. कॅम सीललापण, म्हणजे वाल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या सीललापण, तीच बोंब, तिथंही शाफ्ट बाहेर आलेला. मागचं क्रँक सील तर सोडूनच द्या, त्याला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, तिथंही क्रँकचा फ्लँज, म्हणजे टोकाचा रुंद गोल भाग, मधे येतो आणि बऱ्याच गाड्यांत सीलचं माप ८१ च्या पुढं जातं.

मग मी काय केलं तर कुपवाड एमआयडीसीत गेलो. सांगली-मिरजकरांना हे वेगळं सांगायला नको, तिकडं लेथची छोटी छोटी शेड आहेत, मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करणारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गेलं की एखाद्या नगाचं काम पण करून देतात. ज्या काकांकडे गेलो त्यांना मी मारुतीचं पुराण सांगायला लागलो तर म्हणाले, "पावणं, गाडी कंची ते नगं, माप द्या." मापं दिली, क्रँकच्या टोकाचा व्यास, ते सीलच्या पुढं किती लांब येतं, सीलचा बाहेरचा व्यास. त्यांनी जाड नायलॉनच्या रॉडमधून नळी काढली, आतून क्रँकपेक्षा एक मिमी मोठी. आणि डोकं बघा माणसाचं, एका तोंडाला सपाट ठेवलं, भोकापेक्षा मोठं, म्हणजे सील घराच्या बरोबरीने आलं की नळी घरावर टेकून थांबते. दुसऱ्या तोंडाला एक मिमीची पायरी काढली, त्या बाजूने दाबलं की सील एक मिमी आत जातं. ही पायरी मी मागितलेली नव्हती. म्हणाले, "शाफ्टला जुनी चाकोरी पडली आसंल तर उपेगी पडंल." चहासकट तीनशे रुपये. दोन हजाराच्या सेटला जे जमलं नाही ते तीनशेत.

नायलॉनच का, तर क्रँकच्या टोकावर घासलं तरी ओरखडा पडत नाही. लोखंडी पाईपचा तुकडा लोक वापरतात, चालतो, पण तोंड एकदम काटकोनात कापलेलं पाहिजे आणि आतली कडा कानस मारून गुळगुळीत केलेली पाहिजे. नायलॉन ओल धरतं आणि पावसाळ्यात थोडं फुगतं, म्हणून आतलं माप काकांनी मुद्दाम सैल ठेवलं. आणि ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्याकडे तर फुकटातला पर्याय पडलेला असतो, द्राक्षबागेच्या नाहीतर उसाच्या पाईपलाइनचे तुकडे. शेतीचा पीव्हीसी पाईप बाहेरच्या व्यासावर विकला जातो, ५० चा म्हणजे बाहेरून ५०, ६३ चा म्हणजे बाहेरून ६३, त्यामुळे सीलच्या मापाशी जुळवायला सोपं. जाड प्रेशरवाला तुकडा घ्या, पातळ असेल तर दाबताना वाकतो. एखाद्या वेळेपुरतं काम होतं.

दाबायचं कसं हे पण महत्त्वाचं. हातोडी मी मारलीच नाही. क्रँकच्या टोकाला जे आटे असतात, पुलीचा बोल्ट बसतो ते, त्यातच त्याच आट्याचा लांब स्टड लावला, वर नायलॉनची नळी, त्यावर जाड वायसर आणि नट. नट आवळत गेलं की नळी सीलला सरळ आत ढकलते, सगळ्या बाजूने सारखी. गाडी गिअरमध्ये ठेवायची, कारण बेल्ट काढलेला असताना क्रँक फिरता कामा नये, नाहीतर टायमिंगच्या खुणा परत जुळवत बसा. मधेच थांबून व्हर्नियरने चार बाजूंना खोली बघितली, सगळीकडे सारखी. नळी घराला टेकली की नट एकदम जड झाला, तिथं थांबायचं, अजून जोर लावायचा नाही. जुनं सील काढायच्या आधी ते किती आत होतं ते मोजून ठेवा, फोटो पण काढा. काही इंजिनांत सीलच्या मागे तेल परत जायचं भोक असतं, सील फार आत ढकललं तर ते भोक झाकलं जातं आणि मग नवीन सीलपण गळतं.

आता जे कुठलाच सेट तुमच्यासाठी करत नाही ते, म्हणजे लिपची काळजी. ड्रायव्हर फक्त बाहेरची रिंग सांभाळतो. लिप फाटते ती शाफ्टवरून सरकताना, कारण क्रँकच्या टोकाला चावीची खाच असते, तिच्या कडा धारदार असतात. हाफमून चावी आधी काढून घ्यायची, खाचेच्या कडेला बारीक पॉलिश पेपर हळूच मारायचा पण सील जिथं टेकतं तिथं अजिबात नाही, मग टोकावर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं. मी दुधाची रिकामी पिशवी धुऊन तिचा तुकडा वापरला, वरून तेल लावलं, सील त्याच्यावरून सरकवलं आणि लिप खाचेच्या पलीकडे गेली की प्लास्टिक ओढून काढलं. लिपला इंजिन ऑइलच लावायचं. दोन लिपच्या सीलला मधल्या जागेत चिमूटभर ग्रीस चालतं. कोरडं सील बसवून गाडी चालू केली तर पहिल्या काही सेकंदात लिप तापून जळू शकते. पण अपवाद आहे, नवीन गाड्यांत टेफ्लॉनच्या लिपची सीलं येतात, त्यांना तेल लावायचं नाही, कोरडी बसवायची, सोबत जी प्लास्टिकची बाही येते तिच्यावरूनच सरकवायची आणि बऱ्याचदा बसवल्यावर काही तास गाडी चालू करू नका असं पाकिटावर लिहिलेलं असतं. स्पेअरवाल्याला विचारत बसू नका, पाकीट वाचा.

स्प्रिंगची बाजू तेलाकडे, हे सगळ्यांना माहीत असतं तरी एकदा लिहितो. आणि सीलवर बाण असेल तर शाफ्ट फिरायची दिशा तीच पाहिजे, कारण आतल्या लिपवर तिरक्या बारीक रेषा असतात त्या तेल परत आत ढकलतात, उलट दिशेचं सील बसवलं तर त्याच रेषा तेल बाहेर आणतात. रबर पण बघून घ्या. साधं नायट्राइल रबर साधारण १०० अंशांपर्यंत नीट टिकतं, फ्लोरो रबर म्हणजे ज्याला व्हिटॉन म्हणतात ते २०० च्या आसपासपर्यंत. पाकिटावर एनबीआर (नायट्राइल) की एफकेएम (व्हिटॉन) ते छापलेलं असतं, नुसत्या रंगावर जाऊ नका.

शाफ्टवर नख फिरवून बघा. नखाला खाच लागली तर जुन्या लिपने तिथं चाकोरी पाडलीय, नवीन सील बरोबर तिथंच टेकलं तर कितीही चांगलं असलं तरी गळणार. आमच्याकडे हलकी चाकोरी होती, मग काकांची एक मिमीची पायरी कामाला आली, लिप नवीन जागेवर टेकली. चाकोरी खोल असेल तर शाफ्टवर चढवायच्या पातळ स्टीलच्या बाह्या मिळतात, एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह म्हणून येते ती ०.२८ मिमी जाडीची आहे, इतकी पातळ की सीलचं माप बदलावं लागत नाही.

काढायचं काम राहिलंच. सेटमध्ये काढायचं हत्यार नाही, हुकवाला पुलर वेगळा घ्यावा लागतो. हुक लिपच्या मागे अडकवायचा, पण टेकू घराच्या ॲल्युमिनियमवर द्यायचा नाही, मधे लाकडाचा तुकडा ठेवायचा. सीलला भोक पाडून त्यात स्क्रू घालून ओढायची युक्ती पण चालते, फक्त ड्रिलचा चुरा आत जाऊ शकतो आणि ड्रिल निसटलं तर थेट शाफ्टवर ओरखडा. मला हुकच बरा वाटला.

मग सेट कुठं चालला? नकलवर, म्हणजे चाक ज्या धातूच्या भागावर बसतं त्याच्यावर, आणि तिथं एक नंबर चालला. ८०० च्या पुढच्या चाकाच्या नकलमध्ये बेअरिंग आणि सीलं असतात. नकल उतरवून टेबलावर घेतली की भोक मोकळं, मधे शाफ्ट नाही, चकती सपाट बसते, हँडलवर नायलॉनच्या हातोडीने हळू हळू ठोकत गेलं की सील असं सरळ उतरतं की बघत राहावं. हे काम मामाच्या गाडीचं केलं. ती गाडी २०१९ च्या महापुरात पाण्यात होती, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा, आणि पुराचा गाळ म्हणजे सीलच्या लिपला पॉलिश पेपरच. इंजिनचं काम तेव्हाच झालेलं पण चाकांकडे कुणी बघितलं नाही, आत्ता उघडलं तर सीलच्या मागे सुकलेली माती निघाली.

गिअरबॉक्सच्या एक्सल सीलला पण सेट चालतो. ड्राइव्ह शाफ्ट ओढून काढला की भोक मोकळं. अडचण एवढीच की चाकाच्या पोकळीत हातोडी फिरवायला जागा नाही, हँडल अर्धं असतं तर बरं झालं असतं. आणि शाफ्ट परत घालताना त्याच्या दात्यांनी नवीन सीलची लिप फाटते, म्हणून एकाने शाफ्ट खालून उचलून सरळ धरायचा आणि दुसऱ्याने ढकलायचा. एकट्याने करायला जाऊ नका.

सील बदलून पण गळत असेल तर सीलला शिव्या द्यायच्या आधी पीसीव्ही वाल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आत साठणारी वाफ बाहेर सोडणारा छोटा वाल्व्ह, काढून बघा. तो कार्बनने जाम झाला की इंजिनच्या आतला दाब बाहेर जायला वाट राहत नाही, मग तो सीलमधूनच तेल ढकलतो. वाल्व्ह हातात घेऊन हलवला की खटखट वाजला पाहिजे. गळती नक्की कुठून आहे ते शोधायला आमच्या मातोश्रींची अंगाला लावायची पावडर वापरली. भाग केरोसिनने पुसून, वाळवून, वर पावडर मारायची, बेल्टपासून लांब, आणि गाडी थोडा वेळ चालू ठेवायची. तेल जिथून येतं तिथं पावडर ओली होते. पावडरचा डबा गॅरेजमध्ये सापडल्यावर जे बोलणं खाल्लं ते वेगळं. आमचं क्रँक सील आता कोरडं आहे, तेल लागलेला बेल्ट मात्र बदलावाच लागला.

तर घ्यायचा का? नकल, हब, एक्सल सील अशी कामं घरी करत असाल, घरात आणि पाहुण्यात मिळून दोन-तीन जुन्या गाड्या असतील, तर घ्या, पैसे वसूल होतात. फक्त पुढच्या क्रँक सीलसाठी घेत असाल तर अजिबात घेऊ नका, व्हर्नियरने मापं घ्या आणि कुपवाडला जा, नाहीतर तुमच्या गावात जो लेथवाला असेल त्याच्याकडे. विकणाऱ्याने निदान जाहिरातीतला तो इंजिनचा फोटो तरी काढून टाकावा. आणि सांगलीत विश्रामबागेच्या आसपास कुणाला एखाद्या कामापुरता सेट पाहिजे असेल तर कमेंट करा, देतो, फक्त चकत्या पुसून परत द्यायच्या आणि हँडलचा बोल्ट हरवायचा नाही.